ऑगस्टचं पान

आश्विनातलं पहिलं कडक ऊन पडलं की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा राहत नाही. चार महिने पावसाने आंबवून टाकलेलं घर लोक वर आणून पसरतात. गाद्या, उशा, चामड्याच्या चपला, लग्नातले सूट, बुरशी धरलेल्या बॅगा, डाळींचे डबे. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकी तर देव्हाऱ्यातले देवसुद्धा ताटात घालून आणतात आणि त्यांना ऊन दाखवतात. मी गाद्या नेतो, कपडे नेतो, बायको सांगेल ते निमूट उचलतो. मग ती विचारते, "आणि पुस्तकं?" आणि मी काहीतरी निमित्त काढून खाली सटकतो. तिला वाटतं, मला जिन्याचा कंटाळा. गेली सहा वर्षं तिला तसंच वाटतंय, आणि मीही तसंच वाटू दिलं आहे.

मी मूळचा सटाण्याकडचा. आमच्याकडे माणसं पाऊस यायची वाट बघतात. तो जायची वाट बघणं म्हणजे काय, ते इथे सिल्वासात येऊन कळलं. इथला पाऊस पडतो तेव्हा भिजवतोच, पण थांबतो तेव्हा जास्त भिजवतो. भिंतींना घाम फुटतो, मिठाचा दगड होतो, काडेपेटीतल्या काड्या ओढताना गुल नुसतं चिकटून येतं. मधुबन धरणाचे दरवाजे उघडले की भोंगा होतो आणि दमणगंगा गढूळ, लाल होऊन पुलाखालून धावत सुटते. सायलीत आमच्या कारखान्याच्या पत्र्यांवर तर एवढा गजर होतो की शिफ्टमधली माणसं खुणांनी बोलतात. त्या आवाजात मी पॅकेजिंगचा मॅनेजर म्हणून उमेदीची सगळी वर्षं घालवली. पाण्यापासून माल वाचवणं हा माझा धंदा. सूत, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, काय वाट्टेल ते माझ्या हाताखालून प्लॅस्टिकमध्ये बंद होऊन गेलं आणि समुद्रापार कोरडंठाक पोचलं. याचा मला अभिमान होता, असं मी पूर्वी म्हणायचो. आता खरं सांगतो, माज होता.

रविवारी मी वाचनालयात जायचो. जुन्या वस्तीत, पोर्तुगीज अमदानीतल्या एका बसक्या कौलारू इमारतीत ते अजूनही आहे. मराठी वर्तमानपत्रं तिथे एक दिवस शिळी मिळायची आणि दिवाळी अंक संक्रांतीला. तिथल्या ग्रंथपाल चुरीबाई. डहाणूकडच्या, काटकुळ्या, चष्मा साखळीला बांधून गळ्यात अडकवलेला. नोकरीला लागल्या त्या इथेच, आणि लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता निवृत्तीला टेकल्या त्याही इथेच. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्या माणसाला त्या पुढच्या वेळी ओळखच द्यायच्या नाहीत. वाचनालयात कुजबुजलेलंही त्यांना खपायचं नाही. अपवाद एकच, रोज अकराच्या सुमाराला त्यांच्या मोठ्या बहिणीचा, माईंचा फोन यायचा. आई लवकर गेल्यामुळे बाईंना माईंनीच वाढवलेलं. माईंना कमी ऐकू यायचं. तेवढी पाच मिनिटं बाई टेबलाशी उभ्या राहून सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "जेवलीस का? गोळी घेतलीस का? अगं गोळी!" आम्ही वाचक वर्तमानपत्राआड हसायचो.

मागच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं आणि त्यात सात पुस्तकं. सातही अमेरिकेत छापलेली, तिथे छापखाने नुकतेच रुजत होते त्या काळातली. ती सिल्वासात कशी आली हे धड कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई सांगायच्या की पूर्वी दमणच्या बंदराला एखादं अमेरिकन जहाज लागायचं, त्यातल्या कुणाची पेटी मागे राहिली, ती एका पोर्तुगीज अंमलदाराकडे गेली आणि तो मायदेशी परतताना इथे टाकून गेला.

"खरं असेल का हे?" मी एकदा विचारलं.

"गोष्ट खोटी असेल, पुस्तकं तर खरी आहेत ना?" त्या म्हणाल्या आणि कपाटाची काच पुसत राहिल्या.

अक्षरओळखीचं पोरांचं पुस्तक होतं, त्यात अंगठ्याएवढी ठशांची चित्रं. मांजर, जहाज, देवमासा, आणि अंथरुणात हात जोडून बसलेलं एक मूल. एक भजनांचं, दोन प्रवचनांची, एक जहाजाची दिशा काढायच्या तक्त्यांचं, एक गुरांच्या औषधांचं. आणि सातवं पंचांग. ते माझं सगळ्यात आवडतं. पातळ, मळकट, मुखपृष्ठावर खाली एक वाकडा चंद्र, वरच्या कोपऱ्यात भोक पाडून त्यात सुताचा दोरा ओवलेला, खिळ्याला अडकवायला. आमच्या सटाण्याच्या स्वयंपाकघरात भिंतीला अगदी असंच पंचांग लोंबायचं. आत महिन्याला एक पान, चंद्राच्या कला, भरतीच्या वेळा, आणि समासात कुणा शेतकऱ्याने पिसाच्या लेखणीने केलेल्या बारीक नोंदी. बाईंचं इंग्रजी यथातथाच, आणि तो 'एस' 'एफ'सारखा दिसणारा जुना टाईप. म्हणून त्या मला वाचायला सांगायच्या. ऑगस्टच्या पानावर लिहिलं होतं, पाऊस, गवत भिजलं. खालच्या ओळीत पुन्हा पाऊस. आणि त्याखाली नुसतं, अजून पाऊस. बाईंना हे फार आवडलं. "बिचारा," त्या म्हणाल्या, "तोही आपल्यासारखाच वैतागलाय."

त्या काळी कागद करायचे चिंध्यांचा. लोकांचे विटके सदरे, चादरी, झबली कुजवून, कुटून, लगदा करून. हे मला बाईंनी शिकवलं. मी सुताच्या गावातला, दिवसाला टनावारी धागा बघणारा, आणि मला हे ठाऊक नव्हतं. एका दुपारी त्यांनी ते ऑगस्टचं पान खिडकीच्या उजेडासमोर धरलं आणि मला जवळ बोलावलं. कागदाच्या पोटात, ओळींच्या मध्ये, निळा धागा होता. नखाएवढा. कुणाच्या तरी शर्टाचा, पुरता न कुटला गेलेला. आम्ही दोघं बराच वेळ त्या धाग्याकडे बघत उभे राहिलो. बाहेर पाऊस होताच.

ही पुस्तकं इतके पावसाळे टिकली ती बाईंच्या हातांमुळे. त्यांची पद्धत ठरलेली. मृगाच्या आधी कपाटात चाळीसचा बल्ब लागायचा तो दिवाळीपर्यंत दिवसभर जळायचा. मलमलच्या पुरचुंड्यांत वेखंड. आणि रोज, अक्षरशः रोज, हात धुवून, कोरडे पुसून, पंख्याखाली धरून मग त्या एकेक पुस्तक काढायच्या आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पानं उलटायच्या. वाचायला नव्हे, वारा द्यायला. सुट्टीच्या दिवशीही यायच्या. चामड्याखाली पुठ्ठ्याच्या जागी लाकडाच्या पातळ फळ्या होत्या, त्या फुगल्यात का हे बोटाने दाबून बघायच्या. मी चेष्टा करायचो, "बाई, एवढी सेवा केली असतीत तर देव पावला असता." त्या म्हणायच्या, "देव पावसात भिजून खराब होत नाही."

ह्या पुस्तकांसाठी त्या कुठे कुठे पत्रं लिहायच्या, आणि सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना उत्तर दिलं होतं. मुंबईतल्या एका संग्रहालयाने. दिवाळीनंतर त्यांचा जाणकार येणार, पुस्तकं बघणार आणि योग्य वाटलं तर नीट जतन करायला घेऊन जाणार. बाईंची निवृत्ती डिसेंबरात. मागे नवं माणूस येईल, ते पानं उलटेल न उलटेल, ही त्यांची धास्ती एका पत्राने गेली. इतक्या वर्षांत त्यांना इतकं हलकं मी पाहिलं नव्हतं. "एकच पावसाळा काढायचाय, देवरेसाहेब," त्या म्हणायच्या. "हा एक काढला की सुटले."

आणि जुलैत गावी माई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. घरी दुसरं कुणी नाही. बाईंना जाणं भागच होतं, दोन महिने तरी.

त्या रविवारी मागच्या खोलीत आम्ही तिघं होतो. बाई, मी आणि शिपाई देवजी. देवजी दुधनीचा, कंत्राटावर लागलेला, पन्नाशीचा. त्याचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, आणि आता त्याच पाण्यात जाळं टाकून घरचे मासळी धरायचे. तो पुढे होऊन म्हणाला, "बाय, तुमी जा. पानं मी फिरवीन. हात धुवून, पुसून. तुमी करता तसं."

बाईंचा चेहरा उजळला होता, मला आठवतं. आणि मी मध्ये तोंड घातलं.

"कशाला रोजचा व्याप?" मी म्हणालो. "मी कायमचा बंदोबस्त करतो. प्लॅस्टिकमध्ये श्रिंक रॅप करून देतो सातही. आत सिलिका जेल टाकतो, ओल शोषून घेतं ते. बाई, आमचा माल दोन महिने बोटीवर असतो, आत थेंब जात नाही."

"पण त्यांना वारा लागतो हो," बाई म्हणाल्या.

"वारा म्हणजेच ओल. वारा बंद, ओल बंद. हे शास्त्र आहे."

देवजी खाली मान घालून म्हणाला, "सायेब, आमी मासळी सुकवतो ना, ती वली हाय तवर बांधत नाय. बांधली का आतून सडती."

मी हसलो. मोठ्याने हसलो. "ही मासळी नाही, देवजी." बाईही थोड्या हसल्या, मला वाईट वाटू नये म्हणून असेल. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सातही पुस्तकं उशीच्या अभ्र्यांत घालून, मांडीवर घेऊन, बाई माझ्या गाडीतून सायलीला आल्या. कारखान्यात त्या प्रथमच येत होत्या. तेलाच्या वासाने त्यांनी नाकाला पदर लावला. धो धो पाऊस, बाहेर डिस्पॅचचा ट्रक उभा, ड्रायव्हर घाई करतोय, दोनदा लाईट जाऊन आलेली. मी फिल्म कापली आणि सिलिका जेलच्या पुड्या काढायला डबा उघडला. त्या पारदर्शक पुड्यांतले खडे कोरडे असतात तेव्हा निळे असतात. ओल पिऊन पोट भरलं की गुलाबी होतात. मग भट्टीत दोन तास तापवायचे, पुन्हा निळे होतात. आमच्याकडे कालच लागलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं. डब्याचं झाकण कुणीतरी नीट लावलं नव्हतं. खडे गुलाबी होते.

मी ते पाहिले. माझ्या हातात होते. बाई प्लॅस्टिक तापवून आवळणाऱ्या टनेलच्या पट्ट्याकडे बघत होत्या, बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता, आणि मी मनात म्हणालो, चालेल.

इथे सगळं ह्या एका शब्दावर चालतं. गुजराती असो, मराठी असो, बिहारचा ऑपरेटर असो, चालेल. थोडं वाकडं आहे, चालेल. रंग उतरलाय, चालेल. मी ह्या शब्दावरून माणसांना मेमो दिले आहेत.

एकेक पुस्तक टनेलमधून चारपाच सेकंदांत गेलं आणि पलीकडून चकचकीत होऊन आलं. फिल्म अंगाला घट्ट बसलेली, काचेसारखी. बाईंनी पंचांग हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "श्वास कोंडल्यासारखं वाटतंय हो." मी पुन्हा हसलो. त्या दोन दिवसांत मी फारच हसत होतो. वाचनालयात परतल्यावर मीच कपाटातला बल्ब बंद केला. आता त्याची गरज नव्हती.

बाई गेल्या. श्रावण सरला. तो पावसाळा आठवतो तो आता उलटा आठवतो, सगळं माहीत असल्यासारखा. तेव्हा मात्र तो नुसता पावसाळा होता. शेवाळलेले रस्ते, गलोंड्याकडे जाताना दोन्ही बाजूंना सागाच्या पानांवर टपटपणारं पाणी, कारखान्यांच्या कुंपणाशी टाकळा आणि कुर्डू वेचणाऱ्या बाया. पंधरा ऑगस्टनंतरच्या एका रविवारी देवजीने मला मागच्या खोलीत नेलं आणि कपाटाकडे बोट दाखवलं. प्लॅस्टिकच्या आतून बारीक थेंब धरले होते.

"सायेब, पुस्तकांना घाम आलाय. कापू का?"

मी पाहिलं. ते गुलाबी खडे डोळ्यांपुढे आले. पण कापायला सांगणं म्हणजे मी चुकलो हे देवजीसमोर म्हणणं होतं, मासळी सुकवणाऱ्या देवजीसमोर. "कापलंस तर बाहेरची ओल आत जाईल," मी म्हणालो. "ऊन पडलं की आपोआप जाईल ते. आणि बाईंना फोन करून उगाच घाबरवू नकोस. त्या आधीच दवाखान्याच्या धावपळीत आहेत." देवजीने मान हलवली. कंत्राटावरचा माणूस मॅनेजरला आणखी काय सांगणार?

बाई खंडेनवमीच्या आदल्या दिवशी परतल्या. दरवर्षी खंडेनवमीला वाचनालयात सरस्वतीची पूजा व्हायची. पाटीवर एक आकडा ओळीने मांडून काढलेली सरस्वती, झेंडूची फुलं, आणि पाटीसमोर मांडायला त्या सातातली दोन पुस्तकं, अक्षरओळखीचं आणि पंचांग. मी कारखान्यातली पूजा उरकून आलो होतो. सगळ्या यंत्रांना हार घातले होते, श्रिंक टनेललाही. कपाळावर कुंकू तसंच होतं. बाईंनी कपाट उघडलं. थेंब आता दिसत नव्हते, प्लॅस्टिक आतून दुधी झालं होतं. देवजीने ब्लेड दिलं आणि मी कापलं.

आधी वास आला. तो वास मला सांगता येत नाही आणि आश्विनात गच्चीवर गेलं की तो मला कुठूनही येतो. चामडं बोटाला लागलं, साबण विरघळावा तसं. फळ्या फुगून तडकल्या होत्या. पानं उरलीच नव्हती. पंचांगाची एक काळी वडी झाली होती. ओल्या कागदाचा पुन्हा लगदा झाला होता, छापायच्या आधी होता तसा. कोपऱ्यातला सुताचा दोरा तेवढा ओळखू येत होता. बाईंनी दुसरं कापायला सांगितलं, मग तिसरं. मी सातवंही कापलं.

मग त्यांनी एक पुडी उचलली. "हे खडे गुलाबी का हो?"

"असतात तसे," मी म्हणालो.

त्यांनी पुडी खाली ठेवली. पाटीवरची सरस्वती पुसली नाही, पूजाही केली नाही. टेबलाशी बसून रजिस्टर काढलं आणि सातही पुस्तकांपुढे लाल शाईने 'नष्ट' असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, माझी गैरहजेरी. खाली सही. मी उभ्याउभ्या वाचलं आणि मला काय वाटलं ते सांगायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. मला वाटलं, बाईंनी ओळखलंय आणि त्या मला सांभाळून घेताहेत. थोर बाई, असं मी मनात म्हणालो आणि घरी जाऊन जेवलो.

मुंबईच्या माणसाला येऊ नका म्हणून पत्र गेलं. बाई डिसेंबरात निवृत्त झाल्या. निरोपाला त्यांनी भाषण केलं नाही, नारळ घेतला आणि खाली बसल्या. चमत्कारिक एवढंच वाटलं की गावी न जाता त्या इथेच भाड्याच्या खोलीत राहिल्या. अकराचा तो फोन दसऱ्यानंतर कधी ऐकू आला नव्हता. देवजी म्हणाला, "वाजतो सायेब, बाय उचलत नाय." मी मनावर घेतलं नाही. बहिणीबहिणींचं काहीतरी बिनसलं असेल. पुढच्या पावसाळ्यात माई गेल्या, बाई पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, असं कानावर आलं. त्यानंतर बाई गावी राहायला गेल्या आणि मी भेटायला गेलो नाही.

ह्या वर्षी मे महिन्यात मी मुलीकडे अमेरिकेला गेलो. ऋचा राहते तिथून जवळच एक जुनं, ऐतिहासिक ग्रंथालय आहे. "बाबा, तुम्हाला आवडेल," म्हणून तिने परस्पर वेळ ठरवून टाकली. थंड, कोरडी खोली. भिंतीवर हवेतली ओल मोजणारा काटा. हात धुवायला लावले, कोरडे पुसायला लावले, आणि माझे डोळे उगाचच भरून आले. तिथल्या तरुण ग्रंथपाल मुलीने मऊ गादीवर एक पातळ पुस्तक आणून ठेवलं. वरच्या कोपऱ्यात भोक. तेच वर्ष, तेच मुखपृष्ठ, तोच खालच्या बाजूचा वाकडा चंद्र. ती हळू आवाजात सांगत होती की ह्या पंचांगाची त्यांना माहीत असलेली ही एकच प्रत, आणि तीही अपुरी. तिने पान उलटलं. जुलै. पुढचं उलटलं. सप्टेंबर.

"ऑगस्टचं पान नाही," ती म्हणाली. "त्यावर काय होतं हे आता कुणालाच माहीत नाही."

ऋचा तिलाही कळेल अशा इंग्रजीत म्हणाली, "बाबा, तुमच्या सिल्वासाच्या वाचनालयात होती ना अशी जुनी पुस्तकं?"

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. चेहऱ्यावर एवढी आशा, की मी नजर खाली केली. मला ते पान दिसत होतं. चंद्राच्या कला, भरतीच्या वेळा, पोटातला निळा धागा. "ती वेगळी," मी म्हणालो. "साधी होती."

परत आलो. पाऊस आला, कोसळला, गेला. गेल्या आठवड्यात पहिलं कडक ऊन पडलं, बायकोने पुस्तकांचं विचारलं, आणि मी जिना उतरून थेट गाडीत बसलो आणि डहाणूचा रस्ता धरला.

बाई अंगणात होत्या. खाटेवर जुनी साडी पसरून तिच्यावर चिकूच्या फोडी वाळत घालत होत्या. फार वाकल्या आहेत. "अरे, देवरेसाहेब," म्हणून उठायला लागल्या, मी उठू दिलं नाही. शेजारी पायरीवर बसलो आणि अमेरिकेतल्या पंचांगाचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात फोडी उलटत होते.

"ऑगस्टचं नाही?" त्या म्हणाल्या. "तेच तर पावसाचं." मग थोड्या वेळाने, "माझ्या हाताची सवय होती त्यांना. मी उठून गेले, ती गेली. कुणाला काय बोलायचं?"

तेव्हा मला कळायला लागलं. बाईंना काहीच ठाऊक नव्हतं. रजिस्टरमध्ये त्यांनी मला सांभाळून घेण्यासाठी काही लिहिलं नव्हतं. त्यांना जे खरं वाटलं, ते त्यांनी लिहिलं होतं.

मी सांगितलं. खडे गुलाबी म्हणजे काय, ते सांगितलं. मी पाहिले होते, चालेल म्हणालो होतो. देवजी पानं उलटायला तयार होता. पुस्तकांना घाम आला तेव्हा त्याने मला दाखवलं, मी कापू दिलं नाही, तुम्हाला कळवूही दिलं नाही. एवढं बोलायला मला सहा वर्षं लागली आणि बोलून व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

बाईंचे हात थांबले होते.

"मग माईमुळे नाही?"

"नाही, बाई."

"मी तिला म्हटलं होतं," त्या फोडींकडे बघत म्हणाल्या. "दसऱ्याच्या दिवशी फोनवर. म्हटलं, तुझ्या हाडापायी माझा जन्म फुकट गेला. ओरडूनच म्हटलं. तिला एरवी काही ऐकू यायचं नाही, ते मात्र आलं. रोज फोन करायची मग. मी नाही उचलला."

अंगणात ऊन सणसणत होतं. एक कोंबडी खाटेखाली शिरली, बाईंनी हाकललीसुद्धा नाही.

मग त्या खाटेचा आधार घेत उठल्या. "आत या."

पुढच्या खोलीत भिंतीवर माईंचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. बाईंसारखंच नाक, बाईंपेक्षा मवाळ चेहरा. मी चपला काढून समोर उभा राहिलो. बाई माझ्या मागे दाराला धरून उभ्या होत्या.

"मला सांगून आता काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "हिला सांगा. पहिल्यापासून."

मी हात जोडले. "माई," मी म्हणालो, "खडे गुलाबी होते."

"जरा मोठ्याने," बाई मागून म्हणाल्या. "तिला कमी ऐकू येतं."